लव्हक्राफ्ट पहिल्यांदाच वाचताय? मग संग्रह असा वाचा

कॉस्मिक हॉररबद्दल, म्हणजे अफाट विश्वापुढे माणूस कुणीच नाही या भीतीच्या कथांबद्दल ऐकलंय, क्थुल्हूचं ते ऑक्टोपससारखं तोंड टीशर्टवर नाहीतर गेममध्ये बघितलंय आणि आता एकदा मूळ कथा वाचायच्याच असं ठरवलंय, अशांसाठी हे लिहितोय. मूळ म्हणजे एच. पी. लव्हक्राफ्ट हा अमेरिकन लेखक. या प्रकारात त्याच्या आधीही लोकांनी लिहिलंय आणि नंतर तर खूपच जणांनी लिहिलंय, पण पहिला संग्रह घ्यायचा तर त्याचाच घ्या, कारण पुढचे सगळे एकतर त्याच्याकडून शिकलेत किंवा त्याच्याशी भांडतायत, आणि ते भांडण कळायला आधी त्याला वाचलेलं असावं लागतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा, यात भूत शोधायचं नाही. आपल्याकडच्या भुताला माणसाकडून काहीतरी हवं असतं, सूड हवा असतो, मुक्ती हवी असते, नाहीतर निदान नारळ-कोंबडं तरी, आणि ते दिलं की ते वाट सोडतं. लव्हक्राफ्टच्या कथेत जे येतं त्याला तुमच्याकडून काहीच नको असतं. बऱ्याचदा तुम्ही आहात हेच त्याच्या खिजगणतीत नसतं. उतारा टाकायचा कुणावर? भीती तिथे आहे. आता कुणीतरी दारामागून अंगावर येईल अशी वाट बघत वाचलंत तर तीस पानांनंतर कंटाळून पुस्तक मिटाल, म्हणून हे आधी सांगितलं.

पुस्तक कुठलं घ्यायचं

सगळ्या कथा एकाच जाडजूड पुस्तकात घातलेल्या स्वस्त आवृत्त्या भरपूर मिळतात, पण नवीन माणसाने त्या घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. अक्षर बारीक, टिपा नाहीत, सुरुवातीच्या कच्च्या कथा आणि शेवटच्या काळातल्या उत्तम कथा एकाच ढिगात. त्यापेक्षा पेंग्विन क्लासिक्सचे तीन खंड आहेत त्यातला पहिला घ्या, 'द कॉल ऑफ क्थुल्हू अँड अदर वीयर्ड स्टोरीज', १९९९ सालचा. त्यात अठरा कथा आहेत, लिहिल्या त्या क्रमाने लावलेल्या, आणि मागे टिपा आहेत.

या तिन्ही खंडांचे संपादक आहेत एस. टी. जोशी. सुनंद त्र्यंबक जोशी, जन्म पुण्याचा, १९५८ चा, लहानपणीच अमेरिकेत गेले. लव्हक्राफ्टवर आज जगात कोणीही काहीही लिहायला बसलं तरी जोशींच्या कामाला वळसा घालून जाता येत नाही, आणि आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. ते ब्राउन युनिव्हर्सिटीत शिकले, लव्हक्राफ्टची हस्तलिखितं तिथल्याच 'जॉन हे' नावाच्या लायब्ररीत आहेत, आणि छापलेल्या कथा त्या हस्तलिखितांशी ताडून त्यांनी शुद्ध पाठ तयार केले. हे करावं लागलं कारण मासिकवाल्यांनी कथांची मनाला येईल तशी काटछाट केली होती. 'अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' ही लांब कथा १९३६ मध्ये 'अस्टाउंडिंग स्टोरीज'मध्ये आली तेव्हा संपादकांनी तिचे परिच्छेद तोडले, मजकूर गाळला, लव्हक्राफ्ट प्रचंड चिडला होता, आणि तो बिघडलेला पाठ पुढे कितीतरी वर्षं पुस्तकांतून तसाच छापला जात राहिला. म्हणून या कथांच्या बाबतीत संपादकाच्या नावाला किंमत आहे.

पैसे घालवायचे नसतील तरी हरकत नाही. लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये गेला, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे या कथा इंटरनेटवर कायदेशीरपणे फुकट वाचता येतात. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर बऱ्याच आहेत, लिब्रिव्हॉक्सवर वाचून दाखवलेल्याही मिळतात. टिपा तेवढ्या मिळत नाहीत.

खरेदी करताना एक सांभाळा. मुखपृष्ठावर लव्हक्राफ्टच्या जोडीला ऑगस्ट डर्लेथचं नाव असेल तर ते पुस्तक सध्या ठेवून द्या. डर्लेथने लव्हक्राफ्टच्या मृत्यूनंतर त्याच्या वहीतली एखादी ओळ, एखादा तुकडा घेऊन स्वतः कथा लिहिल्या आणि दोघांच्या नावाने छापल्या, त्यात लव्हक्राफ्ट चिमूटभर आहे. डर्लेथचे उपकार मात्र मोठे आहेत, त्याने आणि डोनाल्ड वँड्रीने १९३९ मध्ये अर्कम हाऊस ही प्रकाशनसंस्था काढली नसती तर हा लेखक जुन्या मासिकांच्या रद्दीतच राहिला असता.

सुरू करण्याआधी एवढंच माहीत असू द्या

प्रस्तावना आत्ता वाचू नका. जोशींच्या प्रस्तावना उत्तम असतात पण त्यात कथांचे शेवट फुटतात, त्या नंतर वाचायच्या. माणसाबद्दल थोडं पुरेसं आहे. जन्म १८९०, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात, वडील मनोरुग्णालयात वारले, पुढे १९२१ मध्ये आईही त्याच रुग्णालयात वारली. स्वतः तब्येतीने नाजूक, शाळा अर्धवट सुटलेली, पैशाची कायम चणचण, कथा बहुतेक 'वीयर्ड टेल्स' नावाच्या स्वस्त मासिकात यायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लहानपणापासून आकाशाचं वेड. पोरवयातच दुर्बीण, सोळाव्या वर्षापासून स्थानिक वर्तमानपत्रांत खगोलावर लेख.

हे खगोलाचं वेड लक्षात ठेवलं की अर्धा लव्हक्राफ्ट उलगडतो. १९२४-२५ च्या सुमारास एडविन हबलने दाखवून दिलं की अँड्रोमिडा आपल्या आकाशगंगेत नाहीच, ती वेगळी दीर्घिका आहे, म्हणजे ज्याला आपण सगळं विश्व समजत होतो तो त्यातला एक तुकडा निघाला. बाकीच्यांनी ही बातमी वाचली आणि कामाला लागले. लव्हक्राफ्ट देव मानणारा नव्हता, त्याने ती बातमी शेवटापर्यंत नेली, की एवढ्या पसाऱ्यात माणसाचं प्रेम, माणसाचे कायदे, माणसाचं बरंवाईट याला काही अर्थ उरतो का, आणि उरत नसेल तर ते ज्याला कळलं त्याचं काय होईल. त्याच्या सगळ्या चांगल्या कथांत हे 'कळणं' हीच दुर्घटना आहे.

मराठी वाचकाला इथे गीतेतला अकरावा अध्याय आठवणार, मलाही आठवतो. अर्जुनही ते अफाट रूप बघून हादरतो, भयेन च प्रव्यथितं मनो मे म्हणतो. पण त्याच्या समोरचा त्याला नावाने ओळखतो, घाबरू नकोस म्हणतो आणि परत सौम्य रूप घेतो. लव्हक्राफ्टच्या विश्वात परत सौम्य रूप घेणारं कुणी नाही. हा फरक मनात ठेवून वाचलं तर कथा जास्त लागतात.

पहिल्या दोन कथा

'डेगॉन' आधी. १९१७ मध्ये लिहिलेली, पाच-सहा पानांची. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या तावडीतून होडीने सुटलेला एक खलाशी समुद्राच्या तळातून वर आलेल्या काळ्या चिखलावर जागा होतो, एवढंच सांगतो. कथा थोडी कच्ची आहे पण पुढच्या सगळ्याचं बीज तिच्यात आहे, म्हणून सराव म्हणून वाचा.

मग 'द म्युझिक ऑफ एरिक झान'. ही पेंग्विनच्या दुसऱ्या खंडात आहे, पहिला घेतला असेल तर ऑनलाइन वाचून टाका, छोटीच आहे. एक गरीब विद्यार्थी, वरच्या मजल्यावर राहणारा मुका वादक, आणि एक खिडकी. खिडकीपलीकडे काय आहे ते लव्हक्राफ्ट सांगत नाही आणि त्या न सांगण्यातच सगळी मजा आहे. स्वतःच्या कथांमध्ये ही त्याची दुसऱ्या नंबरची आवडती होती.

पहिल्या नंबरची आता

'द कलर आउट ऑफ स्पेस'. माझ्या मते संग्रहातली ही एकच कथा वाचून बाकी पुस्तक परत केलं तरी कॉस्मिक हॉरर म्हणजे काय ते तुम्हाला कळलेलं असेल. मार्च १९२७ मध्ये लिहिली, त्याच वर्षी सप्टेंबरच्या 'अमेझिंग स्टोरीज'मध्ये आली, मानधन मिळालं २५ डॉलर आणि तेही मागून मागून.

हिच्यासाठी दीड-दोन तास मोकळे काढा. रात्री, फोन दुसऱ्या खोलीत, आणि मध्ये न थांबता. कारण ही कथा हळू चढते, तुकड्यातुकड्यात वाचली की चढलेलं उतरतं. गोष्ट साधी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये धरणासाठी जागेची पाहणी करायला एक माणूस येतो, पाण्याखाली जाणाऱ्या त्या खोऱ्यात एक राखाडी, मेलेला जमिनीचा पट्टा त्याला दिसतो, आणि अॅमी पिअर्स नावाचा म्हातारा त्याला सांगतो की १८८२ मध्ये नेहम गार्डनरच्या विहिरीजवळ उल्का पडली तेव्हापासून काय काय झालं.

वाचताना क्रमाकडे लक्ष द्या. आधी प्रोफेसर येतात, उल्केचा तुकडा नेतात, सगळ्या चाचण्या करतात. तो थंड होत नाही, आकसत जातो, काचेच्या भांड्यासकट नाहीसा होतो. शास्त्र आपलं काम इमानाने करतं आणि हात टेकतं. मग फळबाग. त्या वर्षी फळं कधी नव्हे एवढी मोठी आणि चकचकीत येतात आणि एकही तोंडात घालवत नाही, कडू. मग झाडं वारा नसताना हलतात. मग दूध. मग जनावरं. मग घरातली माणसं, एकेक करून. प्रत्येक वेळी पायरी इतकी छोटी असते की नेहमला वाटतं हे एवढं तर निभावून नेऊ, आणि तो शेत सोडून जात नाही. का जात नाही याचा विचार करा, शेती असलेल्या कुठल्याही घरातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आणि या सगळ्यात खलनायक कोण तर एक रंग, जो आपल्या वर्णपटातच बसत नाही. त्याला राग नाही, हेतू नाही, कदाचित आपण ज्याला जीव म्हणतो तोही नाही. तो फक्त आला आणि त्याने आपलं पोट भरलं, आणि गार्डनर कुटुंबाने कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं. पाप नाही, शाप नाही, कारणच नाही. मला तरी याच्याइतकं भयानक त्याच्या कुठल्याही राक्षसात सापडलेलं नाही.

संपली की लगेच दुसरी कथा उघडू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या. हे सगळ्याच कथांना लागू आहे, कारण लव्हक्राफ्टची पद्धत ठरलेली आहे, एकटा निवेदक, जुनी कागदपत्रं, हळूहळू जुळत जाणारे धागे, आणि शेवटच्या वाक्यात, कित्येकदा तिरक्या अक्षरात, धक्का. सलग चार वाचल्या की साचा दिसायला लागतो आणि धक्का बसत नाही. त्याच कारणाने कथेचं शेवटचं पान आधी चाळायचं नाही, डोळा पटकन तिरक्या अक्षरांवरच जातो.

भाषेचं काय

इंग्रजी जड आहे, खोटं कशाला सांगू. मुद्दाम जुन्या वळणाचं लिहायचा, विशेषणं पोतंभर. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडलीत तर कथा मरेल. पहिल्या वाचनात अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ मारा आणि पुढे चला. काही शब्द सारखे येतात ते आधीच सांगतो, 'गिबस' म्हणजे अर्ध्याहून जास्त पण पूर्ण नसलेला चंद्र, 'सायक्लोपियन' म्हणजे अवाढव्य दगडांचं बांधकाम, 'एल्ड्रिच' म्हणजे या जगातलं न वाटणारं, 'नॉन-युक्लिडियन' म्हणजे आपण शाळेत शिकलो ती भूमिती जिथे चालत नाही ते. एवढ्यावर भागतं. गावठी म्हातारे बोलायला लागले की स्पेलिंग विचित्र होतं, तिथे मोठ्याने वाचा, कानाला कळतं ते डोळ्याला कळत नाही. आणि 'म्हणजे नक्की दिसतं कसं ते' सापडलं नाही तर तुमचं काही चुकलेलं नाही, बघणाऱ्यालाच सांगता येत नाहीये हा कथेचा भाग आहे.

आता क्थुल्हू, पण कागद-पेन घेऊन

'द कॉल ऑफ क्थुल्हू' १९२६ मध्ये लिहिलेली, 'वीयर्ड टेल्स'मध्ये फेब्रुवारी १९२८ ला आली. लोक हीच पहिली वाचतात आणि अडकतात, कारण ही सरळ गोष्टच नाही, ही एक फाइल आहे. एका मेलेल्या प्रोफेसरच्या पेटीत मातीचं एक शिल्प, काही टिपणं, वर्तमानपत्रांची कात्रणं सापडतात आणि त्याचा नातू लागणारा माणूस ती लावत बसतो. तीन भाग, तीन वेगळे काळ, वेगळी माणसं. म्हणून एका कागदावर तारखा लिहीत चला. १९०७ मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळच्या दलदलीत पोलिसांची धाड, १९०८ मध्ये इन्स्पेक्टर लेग्रास त्या धाडीत सापडलेली मूर्ती घेऊन पुरातत्त्ववाल्यांच्या सभेला, १ मार्च १९२५ ला विलकॉक्स हा तरुण शिल्पकार प्रोफेसरच्या दारात. पुढच्या तुम्ही भरा. तिसऱ्या भागात समुद्रावरच्या तारखा आल्या की त्या कागदावर वर बघा आणि कोण त्याच रात्री कुठे काय स्वप्न बघत होतं ते जुळवा. ते जुळतं त्या क्षणी पाठीतून जे जातं, त्यासाठी ही कथा आहे. राक्षस दिसतो तो भाग त्यामानाने लहान आहे.

एक गंमत यात आहे. विलकॉक्सला स्वप्न पडायच्या रात्री थोडा भूकंप होतो असं कथेत आहे, आणि २८ फेब्रुवारी १९२५ ला क्वेबेकमध्ये मोठा भूकंप खरोखर झाला होता, धक्के न्यू इंग्लंडपर्यंत जाणवले. खऱ्या बातमीत खोटी गोष्ट अशी शिवायची हे त्याचं कसब. 'द व्हिस्परर इन डार्कनेस'मध्येही तेच, १९२७ चा व्हरमाँटचा खरा पूर तिथे आहे, आणि ती कथा लिहिणं चालू असतानाच १९३० मध्ये प्लुटो सापडल्याची बातमी आली ती त्याने आत घेतली.

त्यानंतर 'व्हिस्परर' आणि मग 'द शॅडो ओव्हर इन्समथ' अशा क्रमाने जा. इन्समथमध्ये हॉटेलातून पळून जायचा प्रसंग आहे, लव्हक्राफ्टला अॅक्शन जमत नाही म्हणणाऱ्यांनी तो वाचावा.

जे टोचतं त्याबद्दल

लव्हक्राफ्ट वंशद्वेष्टा होता. थोडाफार, त्या काळाप्रमाणे वगैरे नाही, चांगलाच. 'द हॉरर अॅट रेड हुक'मध्ये तो उघड ओकलाय, 'द रॅट्स इन द वॉल्स'मध्ये मांजराचं नाव एक वर्णद्वेषी शिवी आहे, क्थुल्हूमध्येही दलदलीतल्या लोकांची वर्णनं वाचवत नाहीत. नवीन वाचकाला हे अचानक समोर आलं की धक्का बसतो म्हणून आधी सांगतोय. वर्ल्ड फँटसी अवॉर्डची ट्रॉफी म्हणजे त्याच्या चेहऱ्याचा पुतळा असायचा, तो २०१५ मध्ये बंद करायचं ठरलं, आणि या निर्णयाच्या निषेधार्थ जोशींनी आपली अवॉर्ड्स परत केली. मला विचाराल तर पुतळा काढला ते योग्यच झालं. वाचायचं सोडू नका पण झाकूनही वाचू नका. अनोळखी माणसाची भीती आणि अनोळखी विश्वाची भीती त्याच्यात एकाच मुळातून आलीये, इन्समथ वाचताना हे स्पष्ट दिसतं. रेड हुक वाचलीत तर तिच्या पाठोपाठ व्हिक्टर लव्हॅलची 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' वाचाच, २०१६ ची, तीच गोष्ट हार्लेमच्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने सांगितलेली.

देवांची वंशावळ लावत बसू नका

योग-सोथोथ कोण, न्यार्लाथोटेप कोण, कोण कुणाचा काका, याचे तक्ते नेटवर भरपूर आहेत. संग्रह वाचून होईपर्यंत ते उघडू नका. चांगले विरुद्ध वाईट देव, अग्नी-जल अशी तत्त्वांची वाटणी, हे बरंचसं डर्लेथने नंतर बसवलं. लव्हक्राफ्टच्या कथांमध्ये ही नावं मुद्दाम अर्धवट येतात, एकमेकांशी नीट जुळतही नाहीत. आणि 'नेक्रोनॉमिकॉन' हा ग्रंथ त्याने कल्पनेतून उभा केलेला आहे, त्या नावाने विकत मिळतात ती पुस्तकं नंतरच्या लोकांची.

एका नावाचा प्रवास मात्र मराठी माणसाने बघण्यासारखा आहे. हास्तुर. १८९१ मध्ये अँब्रोज बिअर्सच्या कथेत हा मेंढपाळांचा दयाळू देव होता. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्सने 'द किंग इन यलो'मध्ये नाव उचललं, लव्हक्राफ्टने 'व्हिस्परर'मध्ये नुसता उल्लेख केला, स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेत ते आलं, आणि तीच कथा नारायण धारपांनी 'आजी' म्हणून मराठीत आणली. धारपांच्या त्या कथेची प्रेरणा घेऊन २०१८ मध्ये 'तुंबाड' आला आणि त्यात आपल्याला हस्तर भेटला. धारप वाचून मोठं झालेल्यांना म्हणून लव्हक्राफ्ट अगदीच परका वाटत नाही, अंधारातून येणारं ते 'पलीकडचं' काहीतरी आपण मराठीत आधीच वाचलेलं असतं. फरक एवढाच, की धारपांकडे बऱ्याचदा त्यांचे नायक समर्थ धावून येतात.

पहिला खंड झाला की 'अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' घ्या, दुसऱ्या खंडात आहे. अंटार्क्टिकातली मोहीम, शंभरेक पानं, सुरुवातीला खडक आणि ड्रिलिंगच फार. तिथे भराभर वाचलं तरी चालेल, पण लेक नावाच्या प्राध्यापकाच्या तुकडीचे वायरलेस संदेश यायला लागले की वेग कमी करा. त्यानंतर लव्हक्राफ्टमधून बाहेर पडून अल्जर्नन ब्लॅकवुडची 'द विलोज' वाचा, १९०७ ची, डॅन्यूब नदीतल्या बेटावर अडकलेले दोन मित्र आणि भोवती नुसती वाळुंजाची झुडपं. लव्हक्राफ्ट तिला या प्रकारातली सर्वोत्तम कथा मानायचा आणि ती वाचल्यावर तुमचं त्याच्याशी एकमत होतं, का 'कलर'च वरचढ वाटते, हे मला जाणून घ्यायला आवडेल.